लासूर स्टेशनचा बंब

मनमाडहून औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे, आपण कधी रेल्वेने गेला असाल, तर लासूर स्टेशन आपल्या खिडकीसमोरून गेलेलेच आहे. ते आपण पाहिले असेल, असे मात्र छातीठोकपणे सांगवत नाही. पुढे दौलताबादचा किल्ला दिसायचा असतो, त्याच्या ओढीत मधली स्टेशने कोण मोजतो? आणि डिसेंबर 2023 पासून धावू लागलेली वंदे भारत तर आमच्या फलाटावरची धूळ तेवढी उडवून निघून जाते.

आमच्या गावाच्या नावातच 'स्टेशन' आहे. मूळचे लासूर शिवना नदीकाठचे, दाक्षायणी देवीचे. तिथली माणसे आम्हांला अजूनही 'टेशनवाले' म्हणतात आणि त्या म्हणण्यात किंचित उपरेपणाचा वास असतो. तो अगदीच अन्यायाचा आहे, असे नाही. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यातून गोदावरी खोऱ्याची मीटरगेज मनमाडपर्यंत आली. तिच्या कडेला अडत्ये, हमाल, हॉटेलवाले आणि मुनीम गोळा झाले. आधी कापसाच्या गाठी आणि मग कांद्याच्या गोण्या, अशा मालावर ही वस्ती वाढली. आमचे आजोबा त्या मुनिमांपैकी एक. आज मी ज्याची हकीकत सांगणार आहे, तो आमच्या घरचा तांब्याचा बंबही रेल्वेनेच आला.

1961 साली आजोबांनी तो नाशिकच्या तांबटाकडून घेतला. नाशिकरोडहून मनमाडपर्यंत तो ब्रॉडगेजने आला. तिथे गाडी बदलायची, म्हणून हमालाच्या डोक्यावरून पूल ओलांडून मीटरगेजच्या डब्यात चढला. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते आणि बंबाचे झाकण त्यांच्या मांडीवर होते. तिकीट तपासनिसाने त्या पोटाळ तांबड्या वस्तूकडे बोट दाखवून "हे काय?" म्हणून विचारले. आजोबा म्हणाले, "इंजिनच आहे, पण अजून लहान आहे." ही गोष्ट बाबा दर दिवाळीला सांगत आणि दर दिवाळीला स्वतःच सर्वांत आधी हसत.

गोष्टीतला विनोद सोडला, तर आजोबांचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. पोटात आग आणि भोवती पाणी, हेच वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरचे तत्त्व. बंबाच्या मधोमध एक उभी नळी असते. खाली जाळी, जाळीवर निखारे, वर धुराडे. नळीभोवतीच्या पोकळीत पाणी. आच बाहेर वाया जात नाही, कारण तिला चहूकडून पाण्याचा वेढा असतो. रशियन कादंबऱ्यांतून पानोपानी भेटणारा सामोवारसुद्धा बंबाचाच भाऊ. फरक एवढाच, की तो चहासाठी दिवाणखान्यात बसला आणि आमचा आंघोळीसाठी मागील दारी राहिला. शब्दाचीही गंमत आहे. 'बंब' हा पोर्तुगीजांच्या 'बोंबा'वरून, म्हणजे पंपावरून, आला असे सांगतात. आग विझवणाऱ्यालाही आपण बंब म्हणतो आणि आग पोटात बाळगणाऱ्यालाही बंबच. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. मग एखादी मुलगी विचारते, "सर, पण बंब म्हणजे नक्की कसा असतो?" आणि माझे हसू जाते.

आमच्या घरी बंब पेटवणे हे बाबांचे काम होते. पहाटे साडेचारला मागच्या पडवीत त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. बाजरीची धसकटे, तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या, दाणे काढलेली मक्याची कणसे अशा कशावरही बंब चाले. नियम एकच होता, की पाण्यावाचून आग घालायची नाही, नाही तर सांध्यांचा डाख वितळतो. म्हणून घंगाळात बादलीभर गरम पाणी काढले, की लगेच बादलीभर गार पाणी बंबात ओतायचे. 1972 च्या दुष्काळात घरातल्या प्रत्येकाला दीड तांब्या पाणी मिळे. तेव्हाही बंबाचे पोट आधी भरले जाई, असे आजी सांगायची. मार्गशीर्षात आम्ही भावंडे आंघोळ टाळण्यासाठीच बंबाशी बसत असू. पाठ भिंतीला टेकलेली आणि तळवे तांब्याजवळ धरलेले. गाडीचा भोंगा झाला की बाबा म्हणायचे, "उठा, आता इंजिनात पाणी भरायची वेळ झाली." पुढे मीटरगेज उखडली गेली, ब्रॉडगेज आली, अलीकडे डोक्यावर विजेच्या ताराही आल्या. मागच्या पडवीतले इंजिन तेवढे जुन्याच मार्गावर चालू राहिले.

बाबा गेले त्याला आता तीन वर्षे होतील. आई एकटी राहते. शहरात ये म्हटले, की तिच्याजवळ उत्तर तयार असते : "तुझ्या चौथ्या मजल्यावर मी काय करू रे? सकाळी दार उघडलं तर समोर दुसरं दार!" ते खरेच आहे, त्यामुळे मी फार ताणत नाही. पण बाबांच्या मागे बंब तीच पेटवू लागली. दर भेटीत तिचा खोकला मला थोडा अधिक ऐकू येई. डॉक्टरांनी धूर बंद करा म्हणून स्पष्ट सांगितले. तेवढ्यात बंबानेच माझी बाजू घेतली. मधल्या नळीला वरच्या टोकाजवळ भोक पडले आणि पाणी निखाऱ्यांवर ठिबकू लागले. आमच्याकडे आता तांबट उरलेला नाही. मी बंब शहरात नेऊन एका जुन्या कारागिराला दाखवला. त्याने नळी बोटाने वाजवली आणि म्हणाला, "पत्रा कागद झालाय, सर. डाख धरणार नाही."

आता बदली कोणाची करायची, हा प्रश्न आला. गॅसचा गीझर स्वस्त पडला असता, पण आमच्या न्हाणीघराला खिडकी नाही, वर वीतभर झरोका आहे. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. एकट्या राहणाऱ्या आईच्या न्हाणीघरात तो विषाची परीक्षा नको होती. विजेचा घ्यावा, तर पहाटे वीज असेलच याची शाश्वती नाही. अखेर सूर्यावरचा ठरला : शंभर लिटरचा, काचेच्या दहा नळ्यांचा.

त्याच सुमारास जर्मनीतल्या माझ्या आतेभावाचा फोन आला. त्याच्याही घरी हेच चालले होते. तिकडे थंडीत खोल्या उबदार ठेवायला भिंतीशी रेडिएटर असतात आणि त्यांतून गरम पाणी खेळते. त्याच्या घरातला बिडाचा जुना धूड काढून पोलादी पत्र्याचा चपटा नवा बसवला होता. "नवा पटकन तापतो," तो म्हणाला, "पण बंद केला की पटकन निवतोही. जुना रात्रभर ऊब धरायचा. मांजर त्याच्यावर झोपायचं, आता ते आमच्यावर रुसलंय." मी हसलो. माझ्याकडे मांजर नव्हते, म्हणून मला तो प्रश्न माझा वाटला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत टेम्पोतून सामान आले. एक नळी वाटेत फुटलेली निघाली. दुकानदाराने ती बदलून द्यायला बारा दिवस लावले आणि बारा दिवस आई "काच ती काच" एवढेच म्हणत होती. नळ्यांची रचना मात्र सुंदर असते. काचेच्या आत काच आणि दोहोंच्या मध्ये हवा काढून टाकलेली पोकळी. जेम्स ड्यूअरने 1892 साली हीच युक्ती बाटलीला केली आणि तिचा पुढे थर्मास झाला. ऊन आत शिरते, ऊब बाहेर पडत नाही. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते, गार पाणी खाली उतरते. ना पंप, ना मोटार. मी हे सगळे आईला गच्चीवर उभे राहून समजावले. ती पदर डोक्यावर ओढून शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे बंब उताणा निजवलाय."

पहिल्या सकाळी तिने तोटी सोडली. गच्चीपासून न्हाणीपर्यंतच्या नळात रात्रभर निवलेले पाणी आधी येते आणि मग गरम. अर्धी बादली गार पाणी वाहून गेले. आई ते पाहत राहिली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात अर्धी बादली म्हणजे काय, हे मी शहरात राहून विसरलो होतो. दुसऱ्या दिवसापासून ते पाणी एका तपेल्यात जमू लागले आणि तुळशीला, भांड्यांना पुरू लागले. मी यंत्राचा हिशेब केला होता, नळाच्या लांबीचा केला नव्हता.

दुसरी चूक कळायला हिवाळा उजाडावा लागला. डिसेंबरात एका शनिवारी मी रात्रीच्या गाडीने गेलो. पहाटे खोकल्याने जाग आली. मागे जाऊन पाहतो तो पडवीत लोखंडी घमेल्यात पऱ्हाट्या जळत होत्या. आई बसलेली, शेजारच्या आजी बसलेल्या, आणि कांद्याच्या बाजारात निवडणीच्या कामाला निघालेल्या दोघीजणी हात शेकत उभ्या. मी चिडलो.

"आई, मग ते वीस-पंचवीस हजार कशासाठी घातले?"

"आंघोळीसाठी," ती म्हणाली. "आंघोळ गरम पाण्यानं होते माझी. चांगलं आहे ते."

"मग हे काय?"

"या बाया कुठं बसतील?"

त्या दोघींना ओशाळल्यासारखे झाले आणि त्या निघाल्या. बाबा असल्यापासून, कामावर जाता जाता, त्या बंबापाशी दहा मिनिटे टेकत आल्या होत्या. घरात वाढलो तरी मला हे ठाऊक नव्हते, कारण त्या वेळी मी नेहमी झोपलेला असे. आई त्यांना तांब्याभर गरम पाणी देई, त्या तिला बाजारातल्या बातम्या देत. गावात कोण आजारी, कोणाकडे पाहुणे, कांदा काय भावाने गेला, हे सगळे आईला त्या दहा मिनिटांत कळत असे. धूर वाईटच, डॉक्टरांचे चुकले नाही. पण एकट्या बाईची सकाळ त्या धुराभोवती उभी होती आणि तो मी हप्त्यांवर बंद करू पाहत होतो. पुढच्या खेपेला मी एक धूर कमी करणारी लोखंडी चूल नेली. ती तिने वापरायला घेतली आहे. खोकला थोडा कमी आहे, गेलेला नाही.

मध्यंतरी भंगारवाला आला होता. त्याने कानशीने बंबाचा काठ खरवडून तांबे पाहिले, काट्याला लावला. अकरा किलो भरला. भाव सांगितला, तो ऐकून मी गप्प झालो, कारण तो चांगला होता. आईने त्याला पाणी दिले आणि वाटेला लावले. मला म्हणाली, "त्याला कळतंय किती किलो आहे. तुला नाही कळत."

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे लासूर स्टेशनला जमलो. ताई, जावईबापू, मुले, आम्ही, मिळून नऊ माणसे. आईने आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून बंब घासला होता, त्याला हळदकुंकवाची बोटे ओढली होती, झेंडूची माळ घातली होती. मला वाटले, शोभेला. नरक चतुर्दशीच्या पहाटे पाचला उटणी, सुवासिक तेल, फुलबाज्या सुरू झाल्या. आधी जावईबापू, मग मुले, मग मी. सहाव्या माणसाला तोटीतून कोमट पाणी आले, आठव्याला गार. शंभर लिटर म्हणजे शंभर लिटर, आणि सूर्य उगवायला अजून अवकाश होता. राहिली फक्त आई, कारण आमच्या घरात ती नेहमीच शेवटी न्हाते.

"मी गारच घेते," ती म्हणाली.

मी काही न बोलता पडवीत गेलो, बंबाची माळ काढून खुंटीला अडकवली आणि धसकटे शोधू लागलो. बादली उचलून ओतणार, तोच मागून तिचा आवाज आला :

"भोकाच्या खाली चार बोटं राहू दे रे. काठोकाठ भरू नको."