नुसतं विचारलं आणि नंबर बदलला!

बिल.नंबर. जावास्क्रिप्टमध्ये अशी ओळ दिसली की आपण काय धरून चालतो? डब्यात ठेवलेला आकडा उघडून पाहिला, संपलं. पुढे कंस नाहीत म्हणजे फंक्शन नाही, असं आपलं साधं गणित. पण त्या नावामागे गेटर बसलेला असेल तर नुसतं नाव घेतल्याबरोबर फंक्शन रन होतं.. आणि वाचणाऱ्याला पत्ताच नाही!

महापेच्या एका कंपनीत हा प्रकार जवळून पाहिला. तिथला गेटर दर वेळी काउंटर एकने वाढवून नवा आकडा द्यायचा. स्क्रीनवर बिल ४१, छापील कागदावर ४२. शोधायला म्हणून कुणी मधे कन्सोल.लॉगची ओळ टाकली, की कागदावर ४३. चोर शोधायला टॉर्च लावावा, तर चोर आणखी एक घर फोडून मोकळा!

गंमत इथेच संपते. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलांचे नंबर सलग लागतात. अकाउंट्सच्या मॅडम मधली गायब बिलं मागत राहिल्या, आणि संशय गेला काउंटरवर बिलं करणाऱ्या पोरावर. जी बिलं कधी फाडलीच नव्हती, ती तो बिचारा आणणार कुठून?

म्हणून गेटर वाईट का? मुळीच नाही. २००९ च्या एक्मास्क्रिप्ट ५ पासून तो भाषेत अधिकृत आहे. दर गुणिले नग करून रक्कम सांगणारा गेटर कितीही वेळा वाचा, उत्तर तेच. ब्राउझरला ऑफसेटहाइट विचारली तर तोही आतल्या आत काम करतो; पानात बदल झाला असेल तर आधी सगळी मांडणी नव्याने मोजतो. हजार वेळा लूपमध्ये विचारलंत तर पान रखडेल, पण उंची काही विचारल्यामुळे वाढत नाही.

बर्ट्रांड मेयर यांचं जुनं तत्त्व हेच सांगतं: प्रश्न विचारल्याने उत्तर बदलता कामा नये. वाशी स्टेशनवर इंडिकेटर बघितला म्हणून पनवेल लोकल सुटली, तर कसं चालेल?

जे काम काहीतरी बदलतं, त्याला सरळ क्रियापदाचं नाव द्या आणि पुढे कंस लावा. नवानंबरघ्या(). दिसायला ओबडधोबड, पण खोटं बोलत नाही.

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की आपल्या कोडमधले सगळे गेटर एकदा शोधून बघा. त्यातला कुठला आकडा सांगता सांगता हळूच बदलतोय का?