जखमेचा वापसा

जखम उघडी ठेवावी, तिला वारा लागू द्यावा, खपली धरली की झाले, एवढेच वैद्यक आमच्या घराला ठाऊक होते. म्हणून सिस्टरबाईंनी आप्पांच्या तळव्याची जखम गार, पारदर्शक, जेलीसारख्या पट्टीने झाकली तेव्हा आई घाबरलीच. "अवं बाई, वली ठिवली तर चिघळंल की!"

आप्पा मार्केट यार्डात हमाली करतात. मधुमेहाला बारा वर्षे झाली. पाय बधिर झालेले. खिळा रुतलेला कळला तो चपलेत रक्त दिसले तेव्हा. "दुखत न्हाई तर जखम कसली?" हे त्यांचे म्हणणे. मला तर या रोगाची खरी लबाडी हीच वाटते. जी वेदना माणसाला थांबवते, तीच तो हिरावून घेतो.

घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच मी, म्हणून डॉक्टरांचे बोलणे समजावायला मला पुढे करतात. (इतिहासाच्या विद्यार्थ्याला!) शेवटी ग्रंथालयात शोधत बसलो. त्या जेलीला हायड्रोजेल म्हणतात. पाण्यात न विरघळता पाणी धरून ठेवणारे अतिसूक्ष्म धाग्यांचे जाळे ते. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने नवी त्वचा आली होती. कोरड्या खपलीखालून वाट काढण्यापेक्षा ओलसर जागेवरून पेशी सहज सरकतात. मेलेला भागही ओलाव्याने सुटतो. मात्र जखमेतून फार पाणी वाहत असेल तर ही पट्टी चालत नाही, तिथे टिपून घेणारी लागते.

हे आईला सांगायचे कसे? म्हटले, "आई, रान ठणठणीत कोरडं असलं तर पेरतेस का? आणि चिखलात?" ती म्हणाली, "वापसा लागतो." पुढे मला काही सांगावेच लागले नाही.

अवघड गोष्ट पुढेच होती. साखर आटोक्यात आणि त्या पायावर भार नाही, हे पाळले नाही तर पट्टी एकटी काही करू शकत नाही, असे डॉक्टरांनी बजावले. हमालाने पायावर भार द्यायचा नाही! पट्ट्या बाहेरून विकत आणायच्या, आणि मजुरी बंद.

आप्पांच्या टोळीतल्या काकांनी सध्या मला हाताखाली घेतले आहे. सकाळच्या दोन तासांना माझी हजेरी कमी दिसते ती त्यामुळे. रात्री आई मोबाइलच्या उजेडात आप्पांचे दोन्ही तळवे पाहते, चांगल्या पायाचासुद्धा.