छापून गेलेला पहिला खंड

मराठी कादंबरीचा इतिहास शिकवताना अद्भुतरम्य कादंबरीच्या वाट्याला जेमतेम दोन तासिका येतात. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ ही नावे फळ्यावर लिहायची, योगायोग आणि अतिरंजितता हे दोष सांगायचे आणि हरिभाऊ आपट्यांकडे वळायचे. या मांडणीत एक गृहीतक दडलेले असते: अद्भुत हे कादंबरीचे बालपण आणि वास्तव म्हणजे तिचे वयात येणे. हे गृहीतक दरवर्षी शिकवत असतानाच आम्ही दोघे गेली वीसेक वर्षे इंग्रजीतील फँटसी कादंबऱ्यांच्या मालिका नेमाने वाचत आलो आहोत. एकीची सुरुवात टोल्किनपासून झाली, दुसऱ्याची हॅरी पॉटरपासून. आवडींविषयी आमचे फारसे पटत नाही. परंतु या मालिकांना कोणत्या कसोटीवर घासावे याविषयी आमचे बऱ्यापैकी एकमत झाले आहे. ती कसोटी मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

रूढ तुलना बहुधा अशी असते: टोल्किनची सृष्टी अजोड, रोलिंगबाईंचे कथानक घट्ट, मार्टिनची पात्रे जिवंत, ले ग्विनबाईंचे चिंतन सखोल. यातले काहीच खोटे नाही. मात्र हे सारे निकष एकट्या कादंबरीलाही लागू पडतात. मालिकेची म्हणून जी खास अडचण आहे तिला ते स्पर्शच करत नाहीत. एकच कादंबरी लिहिणारा लेखक तिसाव्या प्रकरणावर अडला तर मागे जाऊन तिसरे प्रकरण बदलू शकतो. मालिकेच्या लेखकाला ती मुभा नाही. त्याचा पहिला खंड छापून गेलेला असतो, लोकांनी तो वाचलेला असतो. पुढे त्याची समज वाढते, सृष्टी वाढते, आणि पहिल्या खंडातले एखादे वाक्य घशात हाडकासारखे अडकून बसते. त्या वाक्याचे तो काय करतो, यावर मालिकेची खरी परीक्षा होते.

आम्हां मराठीच्या लोकांना हा प्रश्न तसा परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती पाठांत शिरलेली अशुद्धे काढण्यासाठी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर खर्ची घातली. हस्तलिखितांच्या जगात ग्रंथ वाढत असे, त्याला पाठभेद फुटत, प्रक्षेप होत, आणि ‘मूळ’ काय हे ठरवणे हे पुढच्या पिढ्यांचे काम असे. छापील मालिकेचा लेखक या बाबतीत विचित्र कोंडीत असतो. त्याला व्यासांइतकी दीर्घ कथा सांगायची असते, पण प्रक्षेपाची सोय मात्र नसते.

टोल्किन स्वतः भाषाशास्त्राचे आणि जुन्या संहितांचे प्राध्यापक. त्यांनी या कोंडीवर जो मार्ग काढला तो संहितेच्या अभ्यासकालाच सुचावा असा आहे. ‘द हॉबिट’ १९३७ साली आली तेव्हा त्यातली अंगठी ही केवळ अदृश्य होण्याची एक सोयीची वस्तू होती. कोड्यांची पैज हरल्यावर गॉलम ती बक्षीस म्हणून द्यायला निघतो, ती सापडत नाही म्हणून खजील होतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना याच अंगठीला साऱ्या जगाच्या नाशाचे सामर्थ्य आले. मग अशी अंगठी कोणी खुशीने देऊ कसा करील? १९५१ च्या आवृत्तीत टोल्किननी ते प्रकरण बदलले. आता गॉलम बिल्बोच्या जिवावर उठतो. पण खरी प्रतिभा यापुढे आहे. जुनी हकीकत त्यांनी पुसून टाकली नाही. बिल्बोने स्वतःच्या आठवणींत आधी खोटे लिहिले होते, असे त्यांनी नव्या ग्रंथात नमूद केले. इतका सरळ माणूस अंगठीच्या मालकीविषयी खोटे का बोलला, हाच गँडाल्फच्या मनातला पहिला संशय. लेखकाची अडचण अशा रीतीने अंगठीच्या दुष्टपणाचा पुरावा झाली. पाठभेदाचे पात्राच्या स्वभावात झालेले असे रूपांतर आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही.

टोल्किनची मर्यादाही याच वृत्तीतून येते. जगाचा इतिहास दुरुस्त करण्यात ते इतके रमले की ‘द सिल्मरिलियन’ त्यांच्या हातून पुरे झालेच नाही. १९७३ मध्ये ते गेले. मुलाने, ख्रिस्तोफरने, १९७७ मध्ये ते सिद्ध केले आणि पुढे १९८३ ते १९९६ या काळात वडिलांच्या मसुद्यांचे बारा खंड संपादित केले. शिवाय टोल्किननी दुरुस्त केला तो इतिहास. आपल्या दृष्टीला ते क्वचितच हात लावतात. सॉरॉनच्या बाजूने लढणाऱ्या माणसांना चेहरा नाही, आणि स्त्रियांना जागा फार थोडी.

रोलिंगबाईंचे बळ नियोजनात आहे. मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या सुंदर नावाने अवतरलेल्या पहिल्या खंडाच्या पहिल्याच प्रकरणात सिरियस ब्लॅकचे नाव सहज येऊन जाते. तो माणूस महत्त्वाचा ठरतो तिसऱ्या खंडात. दुसऱ्या खंडातली (१९९८) रोजनिशी काय होती हे सहाव्यात (२००५) कळते. उत्तम रहस्यकथाकाराची ही शिस्त. परंतु जिथे आधी विचार झालेला नाही तिथे त्यांचा उपाय फोडाफोडीचा असतो. तिसऱ्या खंडात काळ मागे फिरवणारे यंत्र आले. ते असताना कोणाचाही मृत्यू अटळ का मानावा, हा प्रश्न शाळकरी वाचकालाही पडतो. पाचव्या खंडातल्या मारामारीत मंत्रालयातला त्या यंत्रांचा सारा साठा फुटतो आणि प्रश्न मिटतो. २०१६ च्या नाटकात ते यंत्र परत आलेच! याहून गंभीर बाब घरगड्या एल्फांची. त्यांच्या दास्याविरुद्ध हर्मायनी चौथ्या खंडात चळवळ उभारते, लेखिका तिची थट्टा करते आणि विषय लोंबकळत राहतो. सातव्या खंडातले महायुद्ध संपल्यावर दमलेल्या हॅरीच्या मनात येते, ते आपला एल्फ सँडविच आणून देईल का, हे. सारी दुनिया वाचली, पण पहिल्या खंडातले घर होते तसेच राहिले.

जॉर्ज मार्टिन यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या बाबतीत सर्वांत धाडसी. १९९६ च्या पहिल्या खंडात जेमी लॅनिस्टर सात वर्षांच्या मुलाला खिडकीतून ढकलतो. राजाला मारणारा म्हणून सारे त्याला हिणवतात आणि आपणही हिणवतो. तिसऱ्या खंडात (२०००) त्याच्या दृष्टीने कथा सुरू होते आणि कळते की तो राजा सबंध शहर जाळायला निघाला होता. पहिल्या खंडातले एक अक्षरही न बदलता तो खंड बदलतो. मात्र प्रत्येक नवा दृष्टिकोन म्हणजे वाचकाकडून घेतलेली नवी उधारी. त्रयी म्हणून योजलेली कथा फुगत गेली. तिसऱ्या खंडानंतर पाच वर्षांची उडी घेण्याचा बेत सोडावा लागला. चौथ्या खंडात (२००५) अर्धी पात्रे, तर उरलेली पाचव्यात (२०११). त्यानंतर दूरदर्शन मालिका पुस्तकांच्या पुढे जाऊन २०१९ मध्ये संपलीसुद्धा. सहावा खंड हा लेख लिहीपर्यंत आलेला नाही. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये निवर्तल्यावर त्यांची मालिका ब्रँडन सँडरसन यांनी टिपणांच्या आधारे २०१३ मध्ये चौदाव्या खंडाशी पुरी केली. तिथे वाचकाची उधारी निदान फिटली, जरी फेडणारा हात दुसरा होता.

आता अर्सुला ले ग्विन. अर्थसीचे पहिले तीन खंड १९६८ ते १९७२ मधले. गेड हा तिथला महाजादूगार. जादूच्या शाळेत केवळ मुलगे. बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट, अशी लोकांत म्हणच रूढ. दुसऱ्या खंडात टेनार नावाच्या कोवळ्या पुजारिणीला गेड भुयारातल्या अंधारातून बाहेर काढतो. तिसऱ्याच्या शेवटी आपली सारी शक्ती खर्च करून तो निघून जातो. कथा इथे पूर्ण झाली होती, कोणाचेही देणे नव्हते. तरीही अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, ‘तेहानू’ आली. तीत टेनार शेतकऱ्याची विधवा आहे, पदरी एक भाजलेली, टाकून दिलेली मुलगी आहे. शक्ती गमावलेला गेड परततो, शेळ्या राखतो, आणि जादूशिवाय पुरुषाने कसे जगावे हे चाचपडत शिकतो. जुन्या खंडांतले काहीही खोटे ठरवलेले नाही. फक्त प्रश्न बदलला आहे: ती म्हण कोणी रचली, आणि ती ऐकत बायका काय करत होत्या?

इथे आमचे दोघांचे बिनसते. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की ‘तेहानू’त लेखिकेचा हेतू कथेच्या वर येतो, खलनायक अगदीच एकरंगी आहे, आणि शेवटी ड्रॅगन येऊन सारे जाळून टाकतो ही सोडवणूक रोलिंगबाईंच्या फुटलेल्या कपाटाहून फार वेगळी नाही. टोल्किनने दोष कथेत मुरवला, ले ग्विनबाईंनी तो उघडा मांडला. आणि कला मुरवण्यात असते. हे दोष दुसरीला मान्य आहेत. पण बाविसाव्या वर्षी वाचताना तिला टेनारचे चुलीपाशी बसणे हा लेखिकेने केलेला विश्वासघात वाटला होता. आज पंचेचाळिशीत तीच पाने वाचताना असे वाटते की अंधारातून बाहेर आणलेल्या मुलीचे पुढे काय होते, हे सांगायला परत आलेली ही एकच लेखिका. टोल्किनने आपली कथा सुधारली. ले ग्विनबाईंनी स्वतःची नजर सुधारली, तीही चारचौघांत, आपले नाव झालेले असताना.

हा वाद मिटलेला नाही. परंतु एवढे आम्हां दोघांना मान्य आहे की अद्भुताला कादंबरीचे बालपण म्हणणाऱ्याने ‘तेहानू’ एकदा वाचावी. आपण तारुण्यात ठामपणे जे लिहून बसलो ते पुसता येत नाही, नाकारता येत नाही, आणि तरी त्याच्यासकट पुढचा खंड लिहावा लागतो. ही गोष्ट आम्हांला पुष्कळशा वास्तववादी कादंबऱ्यांनी सांगितली नव्हती. ती शेळ्या राखणाऱ्या एका माजी जादूगाराने सांगितली.