कुडव्याकडील तलाव आणि गळाची विद्या

ज्याच्या घरात सात पिढ्यांत मासा शिजला नाही, त्याने गळ, दोरी व आमिष यांवर लेख लिहावयास बसावे, हे पाहून आमच्या वाचकभगिनींस हसू येईल. आम्हांसही येते. परंतु गेल्या भाद्रपदात गोंदियाजवळील कुडवा येथे आमचा पंधरा दिवस मुक्काम झाला. त्यांपैकी चार सकाळी तलावाच्या पाळीवर गेल्या, आणि त्यांतील एका सकाळी आमच्या सल्ल्याने जे घडले ते सांगितल्यावाचून आम्हांस चैन पडणार नाही. तेव्हा विषय विचित्र असला तरी वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

आम्ही वऱ्हाडातले. काळी माती, कपाशी आणि आठ महिने कोरडे पडलेले नाले यांच्या सोबतीत आमचे आयुष्य गेले. नागपुराहून गोंदियाच्या गाडीत बसून तुमसर मागे टाकले आणि वैनगंगेचा पूल ओलांडला, की आमच्यासारख्याचे डोळे निवतात. जिकडे पाहावे तिकडे धानाच्या बांध्या आणि त्यांच्या मधून मधून आरशासारखे तलाव. १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा गोंदिया जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखला जातो. कुडवा हे एकेकाळचे वेगळे खेडे; आता गोंदिया शहर वाढत वाढत त्याच्या उंबऱ्याशी येऊन ठेपले आहे. आमच्या धाकट्या बंधूंनी नोकरीनिमित्त येथे घर बांधले आणि गौरीगणपतींस सारे कुटुंब तेथे जमण्याची रीत पडली.

यंदा त्या मेळाव्यात आमचा पुतण्याही होता. सहा वर्षे अमेरिकेत राहून तो परतला, तो पदवीबरोबर एक लांबलचक पेटी घेऊन. पेटीत काय असावे याविषयी घरात नाना तर्क झाले. उघडून पाहतो तो मासे धरण्याच्या दोन काठ्या, रिळे, दोऱ्या आणि रबराचे बेडूक! आमच्या वहिनींनी ती पेटी देवघराच्या भिंतीपासून शक्य तितकी दूर, म्हणजे गच्चीच्या जिन्याखाली, ठेवविली. "काका, मी मासा खात नाही, धरतो आणि सोडून देतो," असे पुतण्याने पुनःपुन्हा सांगितले. पण वहिनींचे म्हणणे असे, की खावयाचा नाही तर त्या बिचाऱ्यास धरावे तरी कशाला? या प्रश्नाला त्या दिवशी कोणापाशीच उत्तर नव्हते.

वहिनींच्या बाजूने आम्ही बोलावयास हवे होते. परंतु आम्ही पडलो संस्कृतचे मास्तर, आणि आमच्या डोक्यात भलताच ग्रंथ आला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा एक कोशवजा ग्रंथ रचिला. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत तो १९२५ ते १९६१ या काळात तीन खंडांत छापला गेला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, हा जुना उल्लेख याच ग्रंथातला. त्यामुळे मराठीच्या अभ्यासकांस तो परिचित आहे. पण त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. माशांच्या जाती, कोणत्या जातीस कोणता चारा रुचतो, त्याचे गोळे कसे करावे, मासे एका जागी कसे रुळवावे, काठी व दोरी कशी असावी, हे सारे त्या राजाने शांतपणे सांगितले आहे. हे आम्ही बोलून दाखविताच पुतण्याने आमचे पायच धरले आणि "काका, मग तुम्ही चलाच!" असा हट्ट घेतला. विद्येच्या मोहाने आम्ही होकार दिला.

आता त्या साहित्याविषयी थोडे. अमेरिकेत बास नावाचा गोड्या पाण्यातील मासा आहे. त्यातील मोठ्या जबड्याच्या जातीमागे तेथील लक्षावधी लोक वेडे आहेत. १९३२ साली जॉर्जिया प्रांतात जॉर्ज पेरी नावाच्या गृहस्थाने सव्वाबावीस पौंडांचा बास धरला. त्या वजनाची बरोबरी व्हावयास २००९ साल उजाडावे लागले, आणि तीही झाली जपानच्या बिवा सरोवरात. जपानात हा मासा १९२५ साली बाहेरून आणून सोडला होता. पुढे त्याने तेथील लहान मासे इतके फस्त केले, की २००५ पासून तो पाळण्यास व सोडण्यास कायद्याने बंदी आहे. आपल्याकडील तलावांत बास नाही आणि तो कोणी आणूही नये. पण बासचे साहित्य ज्याला हुबेहूब लागू पडते असा आपला एक मासा आहे. तो म्हणजे मरळ. लांबट अंग, सापासारखे डोके, रुंद जबडा. दबा धरून बसावयाचे आणि भक्ष्य टप्प्यात आले की झडप घालावयाची, हा दोघांचाही स्वभाव.

पुतण्याने आम्हांस समजावून दिले ते असे. साहित्य निवडताना आधी पाणी पाहावे, मग मासा, आणि दुकान सर्वांत शेवटी. रोहू हा पानशेवाळ खाणारा मासा. त्याला मोकळ्या पाण्यात बारीक दोरी, लहान गळ आणि पिठाची गोळी पुरते. सोमेश्वर राजाचे गोळे ते हेच, असे आम्ही लगेच ठरवून टाकले. मरळ मात्र कमळाच्या देठांत आणि गवतात राहतो. तेथे उघडा गळ टाकला तर दर खेपेस पानच हाती येते. म्हणून पोकळ रबराचा बेडूक. त्याच्या दोन्ही गळांची टोके पाठीला चिकटून वर वळलेली असतात, त्यामुळे तो पानांवरून न अडकता सरकतो आणि माशाने तोंडात दाबला म्हणजेच टोके उघडी पडतात. काठी सात फुटांची व ताठ, दोरी विणीची व जाड. कारण लागलेला मासा तत्काळ देठांत शिरतो आणि त्याला तेथून एका दमात ओढून काढावे लागते. बेडूक पानांच्या पलीकडे टाकावा, लहान लहान हिसक्यांनी आणावा आणि दोन पानांमधील मोकळ्या जागी क्षणभर थांबवावा. पाणी फुटले की हात शिवशिवतात. पण तेथेच नवखा चुकतो. मनात एक-दोन मोजून मग ओढावे, नाही तर बेडूक रिकामाच उडून अंगावर येतो. वर्गात प्रश्न विचारून लगेच उत्तर सांगून टाकणाऱ्या मास्तरांची आम्हांस येथे आठवण झाली.

आमचा तलाव कुडव्यापासून चार-पाच कोसांवर, एका खेड्याच्या कडेला होता. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या अमदानीत तलाव बांधील त्याला त्याखालील जमीन, असा प्रघात होता, असे सांगतात. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. नवेगावबांधचे विस्तीर्ण जलाशयही त्यांच्याच कर्तबगारीचे. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले; १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, तरी नाव ‘मालगुजारी तलाव’ हेच राहिले. मासे धरण्याचा हक्क आता बहुधा ढीवरांच्या सहकारी संस्था ठेक्याने घेतात. म्हणून पुतण्यास आम्ही प्रथम संस्थेच्या माणसांकडे नेले. "एवढी महागाची काठी घेऊन सोडून देनार? मग धरा जी, आमचं काय जाते!" असे म्हणून त्यांनी हसत परवानगी दिली.

तेथेच एका वृद्ध ढीवराची गाठ पडली. त्याचे साहित्य म्हणजे बांबूची काठी, तंगूस आणि मोरपिसाच्या देठाचे तरंगते. याला तो गरी म्हणे. पुतण्याची दोरी त्याने दोन बोटांत फिरवून पाहिली व मान डोलावली. रबरी बेडूक पाहून म्हणाला, "बेडूक चांगला हाय. पन हे दिवस चांगले नाही." आम्ही त्या शब्दांचा अर्थ पावसाशी लावला आणि पुढे गेलो.

पहिल्या दोन सकाळी काही लागले नाही. तिसऱ्या दिवशी पाळीवर पोहोचलो तेव्हा नुकते उजाडत होते. पलीकडील बांध्यांत सारसांची एक जोडी उभी होती. महाराष्ट्रात हा पक्षी आज मुख्यत्वे या गोंदियाच्या धानशेतांतच उरला आहे. नराने मान वर करून हाक द्यावी आणि मादीने तीत आपला सूर मिसळावा, असे ते द्वंद्वगीत चालले होते. इतक्यात कमळाच्या पानांमध्ये पसाभर जागेत पाणी तांबूस होऊन खदखदताना आम्हांस दिसले. मानसोल्लासातील चाऱ्याची गोष्ट आमच्या मनात ताजी होती. काहीतरी खाद्य वर आले असून त्यावर मासे जमले आहेत असे आम्ही अनुमान केले आणि मोठ्या अधिकाराने पुतण्यास म्हणालो, "तेथे टाक."

बेडूक त्या तांबड्या जागेच्या कडेला पडला मात्र, पाणी फुटले. पुतण्याने दोन अंक मोजले, ओढले, आणि क्षणार्धात हातभर लांबीची मरळ काठावर आली. खोटे कशाला बोलावे, आमच्या तोंडून आनंदाचा उद्गार निघाला. पासष्टीच्या माणसास शोभणार नाही अशा रीतीने आम्ही टाळीही वाजविली.

तो वृद्ध ढीवर आपल्या डोंग्यातून तिकडे आला. माशाकडे त्याने पाहिलेच नाही. तो त्या तांबड्या जागेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, ते लाल दिसते ना, ते पिल्ले हायेत. खाली मायबाप रायते. आता मासा भुकेनं नाही धरत, रागानं धरते. आमीबी पोटासाठी धरतो, पन लाल घोळ्याखालची नाही धरत."

पुतण्याचा चेहरा उतरला. त्याला हे ठाऊक असावयास हवे होते, असे तो स्वतःच म्हणाला. कारण बासचा नरही अंड्यांवर व पिलांवर असाच पहारा करतो. अमेरिकेच्या उत्तरेकडील काही राज्यांत त्या दिवसांत बास धरण्यावर निर्बंध असतात. नर थोडा वेळ दूर झाला तरी टपलेले लहान मासे पिलांवर तुटून पडतात, हे तेथील अभ्यासकांनी पाहून लिहिले आहे. मरळीची पिले तर श्वासासाठी पुन्हा पुन्हा पाण्याच्या पृष्ठाशी येतात, म्हणून तो घोळका आमच्यासारख्या अडाण्यासही दुरून दिसला. ज्या रागाने ती मरळ बेडकावर तुटून पडली, त्या रागाला आम्ही भूक समजलो होतो.

गळ सुदैवाने ओठाच्या कोपऱ्यात होता. पुतण्याने ओल्या हाताने तो काढला. मरळ हवेतही श्वास घेते, म्हणून तेवढ्या वेळात ती मेली नाही. ढीवराने तिला हंड्यात घेतले, डोंगा वल्हवीत त्याच जागी नेले आणि हळूच पाण्यात सोडले. पण तोवर घोळका विसकटला होता. त्याच्या कडेने बारीक चकाकत्या माशांची लगबग आम्हांस पाळीवरूनही दिसत होती. आम्ही तिघे तेथेच बसलो. सारसांची जोडी अजून बांध्यांत होती. वाल्मीकींच्या शोकास कारण झालेला क्रौंच म्हणजे सारसच होय, असे प्रतिपादन ज्युलिया लेस्ली या विदुषींनी १९९८ साली एका निबंधात केले आहे. आम्ही तीस वर्षे ती कथा वर्गात शिकविली. शिकविताना दर वर्षी व्याधास दोष दिला. त्या सकाळी ती जोडी समोर असताना तिच्याकडे मान वर करून पाहणे आम्हांस जड गेले.

दहाच्या सुमारास त्या जागी पाणी एकदा फुगून खाली बसले. पुतण्याने विचारले, "बाबा, तीच का?" ढीवर म्हणाला, "ते असंल, नाही तं बाप असंल." याहून अधिक तो काही बोलला नाही.

चौथ्या सकाळी आम्ही काठीवाचून गेलो. तांबडी जागा सापडली, पण कमळांच्या अधिक आत आणि आदल्या दिवसाच्या अर्धीही नव्हती. ढीवर भेटला. मृगापासून पाऊस निघेपर्यंत मरळीच्या वाटेस जाऊ नये, थंडी पडली की या, मी जागा दाखवीन, असे तो म्हणाला. जुन्या तलावांत काय काय उगवते हेही त्याने सांगितले. देवधान, कमळ, शिंगाडा. या वनस्पती गेल्या की मासेही जातात. याच जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील निमगावच्या ढीवर स्त्रियांनी तलावांत अशा वनस्पती पुन्हा हातांनी लावल्या, हे आम्ही पूर्वी वाचले होते. ते का, हे आता नीट उमगले.

घरी आलो तेव्हा वहिनींनी विचारले, "आज काय धरलेत?" आम्ही झाला प्रकार सांगितला. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग "आधी स्नाने करा, पाने वाढली आहेत," एवढेच म्हणाल्या. दुपारी पुतण्याने पक्कड घेऊन साऱ्या गळांची अणकुचीदार मागची टोके दाबून सपाट केली, म्हणजे पुढे मासा सोडविताना जखम कमी व्हावी. काठ्या त्याने पेटीत घातल्या. पेटीवर ‘कार्तिकानंतर’ असे आमच्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतले आणि ती पुन्हा जिन्याखाली सरकविली.