बॉनेटखालचा गंज

गोदावरीला पूर किती आला, हे पंचवटीत कुणी फुटांत सांगत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, असे सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती बुडाला. नदीकाठच्या गल्ल्यांत पाणी चढले आणि आमची जुनी छोटी गाडी अर्ध्या चाकाच्या वर पाण्यात उभी राहिली. इंजिनात पाणी शिरले नाही, अल्हम्दुलिल्लाह. दोन दिवसांनी ती सुरूही झाली.

पण पूर ओसरतो, गाळ मागे राहतो. नटबोल्टच्या खाचांत, पत्र्याच्या घड्यांत, बॅटरीच्या ट्रेखाली तो बसतो आणि ओल धरून ठेवतो. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा एवढेच पुरते. ॲल्युमिनियमवर हवेमुळे जो थर येतो, तो धातूला चिकटून राहतो आणि आतल्या भागाला सांभाळतो. लोखंडाच्या गंजाचे मात्र पापुद्रे सुटतात, खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते आणि तेही गंजू लागते. म्हणून गंज आपोआप थांबत नाही. त्याला थांबवावे लागते.

हे काम आमच्या घरी अब्बांनी लावून दिले. महिन्यातून एका रविवारी बॉनेट उघडायचे आणि आम्ही सगळ्यांनी भोवती उभे राहायचे. पहिली पाळी बॅटरीची. तिच्या टोकांवर निळसर-हिरवी भुकटी जमते. नाशिककरांना तो रंग ओळखीचा वाटेल, कारण ती मुख्यतः मोरचूदच असते. द्राक्षबागायतदार मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण करतात आणि वेलींवर फवारतात. इथे बॅटरीतल्या ॲसिडची वाफ तांब्याला लागून ती तयार होते. पांढरी भुकटी दिसली तर ती बहुधा शिशाची. दोन्ही अंगाला लावून घेण्यासारख्या नाहीत. हातमोजे आणि चष्मा घालूनच पाना हातात घ्यावा, आणि जवळपास कुणी विडी-सिगारेट पेटवू नये, कारण बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो.

कृती सोपी आहे. गाडी बंद करून आधी उणे खुणेची वायर काढायची, मग अधिक खुणेची. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून टोकांवर ओतायचा. बॅटरीची झाकणे घट्ट हवीत, सोडा आत जाता कामा नये. फेस येऊन शांत झाला की तारेच्या ब्रशने घासायचे, साध्या पाण्याने धुवायचे, कोरडे पुसायचे. बसवताना उलटा क्रम : आधी अधिक, शेवटी उणे. वरून व्हॅसलीनचा पातळ थर. भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर बॅटरी गळते आहे किंवा जास्त चार्ज होते आहे, हे समजून मेकॅनिककडे जावे.

पत्र्यावरचा गंज पॉलिश पेपरने चकाकी दिसेपर्यंत घासायचा, मग प्रायमर, मग रंग. गंजावरच रंग मारला तर गंज आतल्या आत पसरत राहतो. ब्रेकच्या बारीक नळ्यांना मात्र घरी हात लावायचा नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, त्यामुळे नळी आतूनही गंजू शकते आणि वरून काही दिसत नाही.

चार पावसाळे गाडी अशीच नीट राहिली. मग धाकटीच्या कॉलेजच्या फीसाठी ती विकायची ठरली. त्या वेळी शॉकअपच्या वरच्या पत्र्यात आणि एका ब्रेकच्या नळीवर गंज धरलेला होता. एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला, “काळा रंग मारून देतो, कुणाला कळणारसुद्धा नाही. तीस हजार जास्त येतील.” फीची तारीख जवळ आली होती. घरात दोन दिवस कुणी नीट बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना अम्मीने धान्याच्या ढिगाची हदीस सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याला आपल्यांतला मानायला नकार दिला. अम्मी म्हणाली, “पाऊस पडला हा त्याचा गुन्हा नव्हता. पूर आला हा आपला पण नाही. कोरडं वर ठेवायचं की ओलं, एवढंच आपल्या हातात आहे.”

गाडी घ्यायला आडगाव नाक्याकडचा एक तरुण आला. भाड्याने चालवून घर चालवणार होता. अब्बांनी त्याला बॉनेट उघडून पुराची हकीकत सांगितली, नळी दाखवली आणि ती बदलल्याशिवाय सवारी घेऊ नकोस, असे बजावले. त्याने तीस हजार कमी केले. ते योग्यच होते. फीचा दुसरा हप्ता आम्ही भिशीतून भरला. आपले नाणे खरे असले की घासाघीस करतानाही मान खाली जात नाही, हे आम्हां मुलांना त्या दिवशी दिसले.

तुम्ही जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा गालिचा उचलून खालचा पत्रा पाहा, सीटचा पट्टा पूर्ण ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का बघा, बॉनेटखाली कुठे ताजा काळा रंग दिसला तर तो का लावला ते विचारा. आणि तुम्ही विकणारे असाल, तर त्याने विचारायची वाट पाहू नका.