ब्रिगेडियर उस्मान यांच्या कबरीच्या शोधात

भाचीच्या प्रवेश परीक्षेच्या निमित्ताने आमचे दिल्लीला जाणे झाले. परीक्षा जामिया मिलिया इस्लामियात होती. मुलगी आत गेली आणि आमच्या हाती तीन तास उरले. आम्ही दोघे भाऊ आणि धाकट्याचा आठवीतला मुलगा. एक काम बरेच दिवस मनात होते. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांची कबर याच परिसरात आहे, हे वाचून माहीत होते. म्हटले, सलाम करून येऊ.

वाटले होते, कुणीही सांगेल. पण गेटजवळच्या चहावाल्याने उलट विचारले, "कौन से उस्मान?" दोन विद्यार्थी थांबले. त्यांनी मोबाइल काढला आणि आम्हाला भलत्याच दिशेला पाठवले. बाटला हाऊसकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिक्षा, फळांच्या गाड्या, पुस्तकांची दुकाने अशी गर्दी. शेवटी एका वयस्कर गृहस्थांनी काठीने दिशा दाखवली. "जामियाच्या कब्रस्तानात जा. कुर्रतुलऐन हैदरही तिथेच आहेत," ते म्हणाले.

चालता चालता मुलाला उस्मानसाहेबांविषयी सांगत गेलो. जन्म १५ जुलै १९१२, उत्तर प्रदेशातील त्या वेळच्या आझमगड जिल्ह्यातल्या बीबीपूर गावी. वडील पोलीस खात्यात अधिकारी. १९३२ मध्ये उस्मान इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत दाखल झाले आणि परत आल्यावर बलुच रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. १९४७ मध्ये फाळणी झाली, तशी फौजही वाटली गेली. बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. तिकडे मोठ्या हुद्द्याची संधी होती, असे सांगतात. उस्मान मात्र इथेच राहिले.

लगेच काश्मीरची लढाई पेटली. २५ डिसेंबर १९४७ च्या सुमारास झांगड हे ठाणे हातचे गेले. मीरपूर आणि कोटलीकडून येणारे रस्ते तिथे मिळत असल्याने त्याला फार महत्त्व होते. झांगड परत मिळेपर्यंत पलंगावर झोपणार नाही, असे उस्मान यांनी ठरवले आणि ऐन थंडीत ते जमिनीवर झोपू लागले. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांच्या ५० पॅरा ब्रिगेडने नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला परतवला. तेव्हापासून लोक त्यांना 'नौशेऱ्याचा शेर' म्हणू लागले. मार्चमध्ये झांगडही परत मिळाले. त्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची पॅरा पलटण होती, हे सांगितल्यावर मुलाचे डोळे चमकले. झांगड घेतल्यावर ब्रिगेडियरसाहेबांसाठी पलंग शोधला, तर छावणीत एकही नव्हता. शेवटी गावातून खाट मागून आणावी लागली, असे सांगतात.

३ जुलै १९४८ रोजी झांगडलाच तोफेचा गोळा जवळ येऊन फुटला आणि ते शहीद झाले. छत्तीस वर्षे पूर्ण व्हायला बारा दिवस उरले होते. लग्न केलेले नव्हते. पगारातला बराच भाग गरीब मुलांच्या शिक्षणावर जाई. मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. मय्यत दिल्लीला आणली गेली. पंतप्रधान नेहरू स्वतः अंत्ययात्रेत होते.

कब्रस्तानात शिरलो, कबरवासीयांना सलाम केला. कबरी दाटीवाटीने. वाळलेली पाने, मधूनच गवत. नावे वाचत वाचत पुढे सरकलो. अखेर मुलानेच हाक मारली, "मोठे अब्बा, इथे!"

२०२० च्या डिसेंबरमध्ये याच कबरीची शिळा तुटलेली आढळली होती. त्याच्या बातम्या आल्या आणि मग लष्कराने ती दुरुस्त करून घेतली. तेव्हा आमच्याही घरी हळहळ झाली होती. पण त्याआधी कबर कुठे आहे, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक होते? लष्कराचे लोक ३ जुलैला येऊन फुले वाहून जातात. आपण कितीजण येतो?

मुलाने फोटोसाठी मोबाइल काढला. म्हणाला, "वर्गातला एकजण विचारत होता, तुमच्यातलं कुणी देशासाठी लढलंय का? त्याला पाठवतो."

आम्ही दोघे गप्प झालो. खरे तर आम्हीही हेच करत आलो. २६ जानेवारी आली की उस्मानसाहेबांचा फोटो पाठवायचा आणि कुणी बोट दाखवले की त्यांचे नाव पुढे करायचे. जणू हा माणूस म्हणजे आपल्या खिशातला दाखला. त्यांच्यासाठी हात उचलून दुआ मात्र कधी मागितली नव्हती. थंडीत जमिनीवर झोपणारा तो माणूस कुणाला उत्तर द्यायला झोपत नव्हता. जबाबदारी घेतली होती, ती पार पाडत होता.

धाकटा मुलाला म्हणाला, "फोटो नंतर काढ बेटा. आधी दुआ कर."

तिघांनी दुआ-ए-मगफिरत केली. मग मुलाने शिळेवरची पाने हाताने बाजूला केली, कडेचे गवत उपटले. त्याला कुणी सांगितले नव्हते. निघताना फोटो काढायचे राहून गेले. गेटपाशी आल्यावर आठवले, पण तो म्हणाला, "राहू दे. त्याला मी सगळं सांगेन."

भाची परीक्षा देऊन बाहेर आली. कुठे होता, विचारू लागली. तिलाही सांगितले. प्रवेश मिळाला तर अधूनमधून जाऊन येईन, म्हणाली.

वाचकांपैकी कुणी दिल्लीला गेलात, तर मेट्रोच्या मजेंटा लाइनवर 'जामिया मिलिया इस्लामिया' हेच स्टेशन आहे. तिथे उतरून जामियाच्या कब्रस्तानाचा रस्ता विचारा. सोबत मुलांना घेऊन जा. आणि चहावाल्याने "कौन से उस्मान?" विचारले, तर दोन मिनिटे थांबून त्यालाही सांगा.