मागच्या सीटवरून नाना पेठ

मैत्रिणींनो, पुण्याला गेल्यावर तुम्ही कुठं कुठं जाता? तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, वेळ उरलाच तर सारसबागेतला गणपती आणि परतताना बाकरवडीचा पुडा. बहुतेकींचं पुणं एवढ्यातच आटपतं. पण लक्ष्मी रस्त्यावरची साड्यांची दुकानं मागे टाकून, सोन्या मारुती चौक ओलांडून तसंच पूर्वेकडे चालत राहिलात, तर एक वेगळंच पुणं लागतं. तिथं काचेच्या कपाटात पैठण्या नसतात. दुकानाच्या दारावर सायलेन्सर, आरसे, हॉर्न आणि चेनचे गुंडाळे टांगलेले असतात. रबराचा आणि सोल्युशनचा वास नाकात बसतो. ही नाना पेठ.

नाना फडणीसांच्या नावाची ही पेठ. आमच्या वाईजवळ मेणवलीला त्यांचा वाडा आणि कृष्णाकाठचा घाट आहे, त्यामुळे नाव ऐकलं की आम्हा वाईकरांना उगीचच घरच्यासारखं वाटतं. एके काळी या पेठेत आणि शेजारच्या भवानी पेठेत धान्याचा घाऊक बाजार होता. तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. आता नाना पेठेची ओळख म्हणजे गाड्यांचे सुटे भाग. गावोगावचे मेकॅनिक माल घ्यायला इथं येतात.

पुण्याला दुचाकीचं वेडच मुळी जुनं. आधी हे सायकलींचं शहर होतं, मग स्कूटरींचं झालं. १९७२ साली आलेली बजाजची चेतक इथंच आकुर्डीला तयार होई. तुमच्यापैकी कितीजणींचं बालपण चेतकवर गेलं असेल! पुढं भाऊ उभा, बाबांच्या मागे मी, माझ्यामागे आई एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी. सीट रुंद, त्यामुळं सगळे मावायचे. मोटारसायकलवर ते सुख नाही. ती पुढच्या माणसासाठी असते, मागची बाई म्हणजे जणू सामानच!

आम्ही नाना पेठेत गेलो ते या मागच्या सीटपायीच.

माझं माहेर लोणंदचं. वाईहून पस्तीस-चाळीस किलोमीटर. तीन वर्षांपूर्वी वडिलांचं उजवं अंग लुळं पडलं. आई एकटी, तिच्याच्यानं त्यांना कूस बदलवणंही होत नाही. म्हणून दर रविवारी आम्ही दोघं मोटारसायकलनं जातो. वडिलांची आंघोळ, दाढी, नखं, आठवड्याची औषधं लावून ठेवणं, सगळं उरकून संध्याकाळी परत. एसटीनं जायचं तर गाड्या बदलण्यात अर्धा दिवस जातो. पण आमच्या गाडीची मागची सीट टीचभर. लोणंद येईपर्यंत कंबर धरायची आणि मग वडिलांना उचलताना कळ यायची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ‘एक तर प्रवास कमी करा, नाही तर बसण्याची सोय नीट करा.’ प्रवास कमी करणं शक्यच नव्हतं.

मी इथल्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. त्या पैशांतून चार महिने थोडे थोडे बाजूला टाकले. ‘हे’ म्हणाले, ‘नाना पेठेत पाहिजे तशी सीट बनवून देतात, मित्रानं करून घेतलीय.’ आणि दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात भल्या सकाळी आम्ही निघालो. खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, मग कात्रजचा जुना घाट उतरून स्वारगेट. नव्वद किलोमीटर त्या टीचभर सीटवर बसताना मनाला एकच समाधान होतं, की परतताना ही नसेल.

दुकान झकास होतं. भिंतीवर सीटांची रांग, लाल, काळ्या, तपकिरी. मालक बोलायला गोड. मी त्यांना सगळं सांगितलं. मागची जागा रुंद हवी, सपाट हवी, कारण कधी कधी सासूबाई नऊवारीत एका बाजूला बसतात. कंबर दुखते, तर फोम चांगला हवा. ‘वहिनी, अजिबात काळजी करू नका,’ ते म्हणाले आणि ह्यांच्याकडे वळले. ‘दादा, हँडलवर हात ठेवून बसा बरं.’ ह्यांची उंची पाहिली, पाय जमिनीला टेकतात का पाहिलं, गुडघे टाकीला लागतात का पाहिलं. मग रेक्झिनचे नमुने ह्यांच्यापुढे ठेवले. मी पर्स धरून बाजूला उभी होते. मी म्हटलं, ‘माझं माप?’ तर हसून म्हणाले, ‘मागच्याला माप लागत नाही, वहिनी.’

किंमत ठरली चार हजार आठशे. दोन हजार आगाऊ दिले. सीट चारपर्यंत तयार होणार होती.

तेवढ्या वेळात पेठ पाहून घेतली. गाड्यांच्या या गजबजाटात निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. मूर्ती निवडुंगात सापडली म्हणून हे नाव, असं सांगतात. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी इथं मुक्कामाला असते आणि ज्ञानेश्वर माउलींची जवळच भवानी पेठेत, पालखी विठोबाच्या देवळात. हीच माउलींची पालखी पुढं नीरा ओलांडून आमच्या लोणंदला मुक्कामाला येते. लहानपणी लोणंदच्या तळावर आईनं मला कडेवर घेऊन दर्शन घडवलं होतं. विठोबापुढं उभी राहिले तेव्हा वडिलांची आठवण आली. त्यांना आता दारातूनही पालखी दिसत नाही. हात जोडले आणि बाहेर आले.

चार वाजता सीट पाहिली आणि खरं सांगते, मन हरखलं. तपकिरी रेक्झिन, त्यावर शंकरपाळ्यांसारखी चौकटींची शिवण, कडेला पांढरी पायपिंग. बोट दाबलं तर लोण्यात रुतावं तसं रुतलं. उरलेले पैसे मोजले, हातात एक कच्ची पावती पडली आणि आम्ही निघालो.

स्वारगेटपर्यंत राणीसारखी बसले होते. कात्रज चढताना खालचं काहीतरी टोचायला लागलं. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा समजलं की तो मऊ फोम माझ्या वजनानं पार दबला होता आणि मी सीटच्या तळाच्या पत्र्यावर बसले होते. शिवाय मागचा भाग उंचावून पुढं उतरता केला होता. दिसायला डौलदार, पण ब्रेक लागला की मी घसरत ह्यांच्या पाठीवर. जागा उंच झाल्यामुळं फूटरेस्टला फक्त चवडे टेकत होते. धरायची दांडी नव्या गादीखाली अर्धी झाकली गेली होती. खंबाटकीचा घाट चढताना वळवाचा पाऊस आला. मी एका हातानं ह्यांचा खांदा आणि दुसऱ्यानं ती दांडी चाचपत होते. घरी उतरले तेव्हा मला सरळ उभं राहता येईना.

पावसाचा खरा प्रताप तर पुढं कळला. त्या सुंदर शंकरपाळ्यांच्या टाक्याटाक्यातून पाणी आत झिरपलं होतं आणि फोमनं ते धरून ठेवलं होतं. वरून सीट खडखडीत कोरडी, बसलं की पाणी वर. शाळा सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी ह्यांनी मला सोडलं आणि मी ओल्या कपड्यांनी आठवीच्या वर्गावर गेले. पूर्ण तासभर फळ्याकडे पाठ करून उभी होते!

आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. मालक आधी म्हणाले, ‘वापरून सेट होईल.’ मग म्हणाले, ‘ऑर्डरचा माल परत घेत नाही.’ मी आवाज चढवला तेव्हा त्यांनी सीट आत पाठवली. माझ्याच्यानं राहवेना, मीही मागोमाग आत गेले. तिथं एक वयस्क कारागीर खाली बसून शिवत होते. त्यांनी सीट उलटी केली, पिना उचकटून फोम पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. हलक्या आवाजात म्हणाले, ‘ताई, मागं कोण बसणार ते मला कुणी सांगितलंच नाही. मला म्हणाले, फोटोतल्यासारखी दिसली पाहिजे.’

मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याच्या हातात कसब होतं. पण मी दुकानात पोटतिडकीनं जे सांगितलं, ते दोन पावलांवरच्या त्या आतल्या खोलीपर्यंत पोचलंच नव्हतं.

वर थोडा फोम घालून सीट परत मिळाली. ती आणखी उंच झाली, एवढाच फरक. घरी आल्यावर मी सगळी हकीकत लिहून, तारखा आणि रक्कम घालून, त्या दुकानाला स्पीड पोस्टानं पत्र पाठवलं. खाली ग्राहक आयोगाकडे जाईन असंही लिहिलं. आठ दिवसांनी फोन आला आणि पंधराशे रुपये परत मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच. जुनी सीट पुन्हा गाडीवर चढली.

पण लोणंदची वाट थोडीच थांबणार होती? शेवटी वाईतल्याच एका गादीवाल्याकडे जुन्या सीटचा मागचा भाग नेला. त्यानं आधी मलाच गाडीवर बसवलं. पाय कुठं येतात ते पाहिलं, कडेला खडूनं खुणा केल्या. जागा दोन बोटं रुंद केली, पण उंची वाढू दिली नाही. कव्हर शिवण्याआधी नुसत्या फोमवर मला पुलापर्यंत फेरी मारून यायला लावलं. नऊशे रुपये झाले. ती काही देखणी नाही. कळही पूर्ण गेली नाही, पण वडिलांना उचलण्याइतकी कंबर शाबूत राहते.

तुमच्यापैकी कुणाला सीट करून घ्यायची असेल, तर या चार गोष्टी ध्यानात असू द्या.

फोम हाताने दाबून घेऊ नका, त्यावर दहा मिनिटं बसून पाहा. फोमची ‘डेन्सिटी’ विचारा. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो हा आकडा. आकडा मोठा तितका फोम सहसा जास्त टिकतो. रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला घट्ट फोम खाली आणि मऊ थर वर, अशी रचना असली तर तळ टोचत नाही.

बसायच्या जागेवर शिवण जितकी कमी तितकं बरं. नक्षी हवीच असेल तर ती कडेला घ्या आणि रेक्झिनखाली प्लॅस्टिकचा थर घालायला सांगा.

धरायची दांडी, पाय ठेवायची जागा आणि चाकावरचं साडी-गार्ड या तिन्ही गोष्टी शोभेच्या नाहीत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानं त्या मागच्या माणसासाठी बंधनकारक केल्या आहेत. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, म्हणजे पदर वा ओढणी अडकणार नाही. सीट बदलताना ‘हे काढून टाकू, गाडी छान दिसेल’ असं कुणी म्हणालं, तर ठाम नकार द्या.

आणि पक्की पावती मागा. काय ठरलं ते तिच्यावर लिहून घ्या. ग्राहक पंचायतीचं काम १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकारानं पुण्यातच सुरू झालं, आणि आज कायदा आपल्या बाजूनं बराच पुढं आला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळं, वस्तू परगावी घेतली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पडत नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर फोन करा.

नाना पेठ मात्र जरूर पाहा. विठोबाचं दर्शन घ्या, तिथल्या कारागिरांचे हात चालताना बघा. सीट करायला टाकलीच, तर गल्ल्यावरच्या माणसाशी बोलून थांबू नका. सरळ आत जा, शिवणाऱ्याला भेटा आणि सांगा, ‘मागे मी बसणार आहे, माझं माप घ्या.’